भागाबाईची नाममुद्रा

पैनगंगेच्या काठी निंबटाकळी नावाचं लहानसं गाव आहे. केवलनाथ महाराजांचा मुक्काम तिथे बारा वर्षं होता. त्या काळी रक्तपितीला, म्हणजे महारोगाला, औषध नव्हतं. ज्याला ती होई त्याला ओढ्यापलीकडे, चुन्याच्या पडक्या भट्टीपाशी झोपडी बांधून देत. भागाबाई तिथेच राहायची. भाकरी ओढ्यातल्या दगडावर ठेवली जाई, आणि ठेवणारा मागे न बघता निघून जाई.

भागाबाई पदं रचायची. लिहायला बोटं नव्हती, म्हणून रचलेलं दिवसभर घोळवत बसायची. महाराज रोज ओढा ओलांडून येत, ऐकत, आणि मठात जाऊन तसंच म्हणत.

गळाली ही बोटें । माळ कोण धरी ।
तूंच मोज हरी । श्वास माझे ॥
भागी म्हणे देवा । शिणले मी आतां ।
टेकूं दे रे माथा । तुझे पायीं ॥

त्र्यंबकबुवा कीर्तनकारांना हे पद फार आवडलं. काल्याच्या कीर्तनाला तेच घ्यायचं ठरलं. मात्र शेवटच्या कडव्यात भागीच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

महाराज म्हणाले, "बुवा, तुमचं नाव त्या ओळीत मावतं का?"

"ओढून बसवतो, महाराज. पण त्या रोगिणीचं नाव देवापुढे? लोक प्रसाद खायचे नाहीत."

महाराजांनी हे भागाबाईला सांगितलं. बोटं गेली, नाक बसलं, नवऱ्याने दुसरी केली. तिचं नाव आता कुणीच घेत नव्हतं. जे काय उरलं होतं ते त्या एका चरणात.

"नेऊ द्या," ती म्हणाली. "भांडायला जीव नाही राहिला माझ्यात."

"थकलीस तर बस, भागे," महाराज म्हणाले. "नाव मी सांभाळतो."

काल्याच्या दिवशी सगळा गाव देवळात, आणि महाराज मात्र झोपडीच्या दारात. ओढ्यावरून बुवांचा खडा आवाज येत होता. शेवटचं कडवं आलं आणि आवाज तुटला. मृदंग थांबला. बुवांनी पुन्हा उचललं, पुन्हा नावाशीच घसा मिटला. भागाबाई मान खाली घालून ऐकत होती. महाराजांनी डोळे मिटले होते.

तिसऱ्या खेपेला आवाज आला तो असा मोकळा, की भट्टीवरची पाखरं उडाली. "भागी म्हणे देवा..." आणि मागोमाग साऱ्या गावाने तेच धरलं.

थोड्या वेळाने बुवा भर उन्हात अनवाणी ओढा ओलांडून आले. घामाने निथळत होते. महाराजांच्या पायांवर वाकले, तर महाराजांनी पाय आखडून घेतले.

"माझं काय चोरलंत तुम्ही? तिकडे वळा."

बुवा क्षणभर घुटमळले. मग चिंध्यांत गुंडाळलेल्या त्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकलं.

"नका हो बुवा," भागाबाई म्हणाली. "माझ्या पायांना काही कळत नाही. चुलीतला निखारा पडला तरी वास आल्यावर समजतं मला."

बुवा उठले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते.

भागाबाई एकाएकी खाली वाकली. पायाकडे बघत राहिली.

"महाराज," ती हळूच म्हणाली, "ओलं लागतंय."