भिंतीपलीकडचा बाजार

एकदा एका बुधवारी सकाळी एक तरुणी डबा भरत असताना तिच्या फोनवर एक पत्र आले. दिवस नेहमीसारखाच होता. गॅसवर चहा उकळत होता आणि खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होते. पत्र तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचे होते.

तरुणीचे नाव ऋजुता. संगणकावरचे खेळ रचणे हा तिचा व्यवसाय. दोन वर्षे खपून तिने जुन्या काळच्या आठवडी बाजाराचा एक खेळ तयार केला होता. मुलांनी त्या बाजारात हिंडायचे, घासाघीस करायची आणि शेर, पायली ही जुनी मापे शिकायची. शाळेने तो मोठ्या हौसेने लावला होता. पण मुख्याध्यापिकांनी नम्रपणे कळवले होते की खेळ अडखळतो, चित्र मध्येच थांबते आणि मुले कंटाळून उठून जातात. महिनाअखेरपर्यंत तो शाळेच्या त्याच बारा संगणकांवर नीट चालला तरच पुढे ठेवता येईल, एरवी नाही.

ऋजुताने पत्र दोनदा वाचले. तिच्या घरच्या संगणकावर तो खेळ एकदाही अडखळला नव्हता. त्यामुळे दोष कुठे आहे, याविषयी तिला शंका नव्हती.

तिने संगणकांच्या सुट्या भागांचा एक व्यापारी शाळेत नेला. त्याने एका यंत्राचे झाकण उघडले, आत डोकावला आणि मान हलवली.

“ताई, ही यंत्रं आता नातवंडं सांभाळायच्या वयाची झाली. त्यांना कुठं पळायला लावताय?”

बाराही बदला, असा त्याचा सल्ला होता. शाळेला ते शक्य नव्हते.

तेव्हा ऋजुता आपल्या सरांकडे गेली. सर सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी त्यांनी दूध संघाच्या संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम लिहिले होते. त्या काळी संगणकाची स्मृती इतकी तुटपुंजी असे की आजचे एक छायाचित्रही तिच्यात मावले नसते. ऋजुता प्रोग्रॅमिंग शिकली ती त्यांच्याच हाताखाली, आणि तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन होते. दोष यंत्रांचा आहे असे त्यांनी लेखी द्यावे, एवढीच तिची विनंती होती. सर म्हणाले, आधी यंत्र पाहतो.

शाळेत येऊन ते एका स्टुलावर बसले. त्यांनी झाकण उघडले नाही, प्रोग्रॅमही मागितला नाही. खेळ सुरू करून बाजाराच्या टोकाला जा, असे त्यांनी ऋजुताला सांगितले. तिथे धान्याच्या कोठाराची भिंत होती. त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहा, म्हणाले. पडद्यावर शेणामातीने सारवलेली कोरी भिंत तेवढी उरली.

पाच मिनिटे गेली. दहा गेली. सर भिंतीकडे पाहत बसून होते. दारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला हसू आवरेना. भिंत पाडायची असेल तर गवंडी बोलावतो, असे तो मुख्याध्यापिकांच्या कानाशी म्हणाला. ऋजुताला ते ऐकू गेले आणि सरांना उगाच इथवर आणले, असे तिला वाटून गेले.

मग सरांनी तिचा हात धरला आणि यंत्रावर टेकवला. पत्रा तापला होता. आतला पंखा घरघरत होता.

“समोर नुसती भिंत आहे,” ते म्हणाले. “मग हे एवढं राबतंय कोणासाठी?”

ऋजुताच्या ते क्षणात ध्यानात आले आणि तिची मान खाली गेली. भिंतीपलीकडे तिची तीनशे गिऱ्हाइके हिंडत होती. कोणी वांगी निवडत होते, कोणी ओळखीच्याला वाट देत होते. आपल्या बाजारात कोणीही नुसते उभे राहत नाही, याचा तिला केवढा अभिमान होता. पडद्यावर दिसत नसतानाही त्यातला प्रत्येक जण क्षणोक्षणी पुढचे पाऊल ठरवत होता. तिच्या घरच्या नव्या, बलवान यंत्राला हा भार कधी जाणवलाच नव्हता.

“यंत्र सांगाल तेवढंच करतं, आणि सांगाल ते सगळं करतं,” सर म्हणाले. “कोणी बघो न बघो, तीनशे जणांना चालवत राहा, असं तू याला सांगितलंस. हे बिचारं तेच करतंय. यंत्र कधी दोषी नसतं, असं मी म्हणत नाही. पण तसं म्हणण्याचा हक्क आधी आपलं काम पुरं करून मिळवावा लागतो.”

सरांनी लेखी देण्याची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

त्यानंतर ती रोज शाळा सुटल्यावर येऊन त्या बारांतल्या सर्वांत जुन्या संगणकावर बसू लागली. नजरेआडच्या माणसांना तिने जागच्या जागी थांबायला शिकवले आणि खेळणारा वळला की पुन्हा कामाला लागायला. सर दोनदा आले, चहा घेऊन गेले. एक ओळही त्यांनी सुचवली नाही.

महिनाअखेरीस अकरा संगणकांवर बाजार सुरळीत भरला. व्यापारी सहज म्हणून बसला तो अर्धा तास उठला नाही. तीन पायली ज्वारी घेऊन झाल्यावर त्याने विचारले, “ताई, यांना काय खायला घातलंत?”

बारावा मात्र अजून थांबत होता. ऋजुताने आपला प्रोग्रॅम तीनदा तपासला आणि मगच झाकण उघडले.

“सर, याचा दोष यंत्राचाच आहे. पंखा फिरत नाही, म्हणून तापून मंदावतंय.”

आता पुन्हा भिंतीसमोर उभे राहावे लागेल, अशी तिची अटकळ होती. सरांनी त्या यंत्राकडे वळूनही पाहिले नाही. त्यांनी शाळेचा कागद मागून घेतला, बाराव्या संगणकात बिघाड आहे असे लिहिले आणि खाली सही केली. तुम्ही स्वतः नाही का पाहणार, असे मुख्याध्यापिकांनी विचारले.

“तिनं पाहिलंय,” सर म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी तो कागद ठेवून घेतला, आणि खेळही. तो खेळ शाळेत आजही चालतो. बाराव्या संगणकाचा पंखा बदलायचा अजून राहिला आहे.