आचार्यांना ऐकू येईना

एकदा एक तरुण शिष्या पहाटेपासूनच आनंदाने नुसती फुलून गेली होती. तिचे आचार्य म्हणजे तुटायला आलेले संसार सांधणारे वृद्ध गृहस्थ. तीन वर्षे ती त्यांच्या मागे बसून नवरा-बायकोंची गाऱ्हाणी ऐकत आली होती. आज आचार्य म्हणाले होते, "आजच्या जोडप्याशी तू बोल." तिने बैठकीवरची चादर दोनदा झटकली, पाण्याचा तांब्या तीनदा भरला आणि स्वतःला बजावले की काही झाले तरी आजचा संसार वाचवायचाच.

दुपारी एक व्यापारी आणि त्याची पत्नी आली. अशा ठिकाणी पहिल्यांदा येणारा माणूस जसा येतो, तसाच व्यापारी उंबऱ्यावर घुटमळला. तसे आमचे काही नाही, सहज आलो होतो, असेही म्हणाला. पण दारात बैलगाडी जुंपलेली उभी होती आणि तिच्यात पत्नीचे गाठोडे होते. इथे काही जमले नाही, तर ती इथूनच परस्पर माहेरी जाणार होती, पुन्हा न येण्यासाठी.

शिष्येने सुरुवात झकास केली. आधी पत्नीला विचारले, मग व्यापाऱ्याला. दोघेही भडाभडा बोलले, पण सगळे तिच्याशी. "यांना सांगा," असे पत्नी म्हणे आणि "हिला समजवा," असे व्यापारी. शिष्या इकडचे तिकडे निरोप पोचवत राहिली. मनातून मात्र ती खूष होती. कोणाचे कुठे चुकले याचा निवाडा तिच्या अगदी जिभेवर आला होता.

तेवढ्यात आचार्यांनी कानामागे हात धरला. "शेठ, मला हल्ली नीट ऐकू येत नाही. बाई काय म्हणाल्या, ते जरा मोठ्याने सांगता?"

शिष्या चाट पडली. सकाळीच परसात चिंच पडली, ती याच कानांनी ऐकून आचार्यांनी तिला उचलायला पिटाळले होते.

व्यापारी म्हणाला, "ही म्हणते, मी दुष्ट आहे."

"असं कुठे म्हणाले मी?" पत्नी त्याच्याकडे वळली, इतक्या वेळात पहिल्यांदाच. तिने सगळे पुन्हा सांगितले. आचार्यांना ते पुन्हा ऐकू आले नाही. व्यापाऱ्याने पुन्हा सांगितले, पत्नीने पुन्हा दुरुस्त केले. बिचारा घामाघूम झाला, कारण दुसऱ्याला सांगायचे म्हणजे आधी ऐकणे आले.

चौथ्या खेपेला त्याने एकेक शब्द जुळवत सांगितले, "ही म्हणते, माहेरी आई आता एकटी आहे, तिला आपल्याकडे आणू या का, असं मी विचारलं. हे 'बघू' म्हणाले. म्हणजे नाहीच म्हणाले. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही." आणि तो थबकला. "नाही? मी नाही कधी म्हणालो?"

"बघू म्हणालात की."

"अगं, आमचे वडील 'बघू' म्हणाले की ती वस्तू आठ दिवसांत घरात यायची. मागची गुळाची कोठी रिकामी केली, भिंत फोडून खिडकी बसवली, ती कुणासाठी?"

"मला वाटलं, नवा माल येणार." पत्नीचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या घरी 'बघू' म्हणजे विषय संपला."

"आणि मला वाटलं, खोली झाली तरी ही आईचं नावसुद्धा काढत नाही. हिचंच मन बदललं."

आता काहीतरी बोलायलाच हवे म्हणून शिष्या पुढे सरसावली, तोच आचार्यांनी तिच्या मनगटावर हलकेच बोट ठेवले. ती मागे सरकली. नवरा-बायको बोलत होते, डोळे पुसत होते, मध्येच हसतही होते. समोर आणखी दोन माणसे बसली आहेत हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

निघताना आचार्यांनी त्यांना पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावले. एक शब्द उलगडला, घरात असे पुष्कळ असतात, एवढेच म्हणाले. बैलगाडी ठरल्याप्रमाणे माहेरच्याच वाटेला लागली. फक्त तिच्यात आता दोघे बसले होते, आईला आणायला.

शिष्येला राहवेना. "आचार्य, तुम्ही बहिरे का झालात? माझा निवाडा तयार होता."

"म्हणूनच झालो, बाळ. तू दोघांचंही उत्तम ऐकलंस. पण त्यांना संसार तुझ्याशी करायचा नाही. माणसं आपला उंबरा ओलांडतात ती न्याय मागायला, आणि हवा असतो तो एकमेकांचा कान. आपणच सगळं ऐकून घेतलं, तर तो देण्याची वेळच त्यांच्यावर येत नाही. कधी कधी आपला कान काढून घ्यावा लागतो."

शिष्येने दूर जाणाऱ्या गाडीकडे पाहिले. मग हळूच तिने विचारले, गुरुवारी मीच बोलू ना त्यांच्याशी?

"बघू," आचार्य म्हणाले.

तिचा चेहरा पडला. रिकामा तांब्या उचलून ती आत निघालीही. पण दाराशी पोचता पोचता थांबली आणि मागे वळली.

"आचार्य, तुमच्या घरी 'बघू' म्हणजे काय?"

आचार्यांच्या चेहऱ्यावर प्रसन्न हसू उमटले.

"हे विचारलंस ना," ते म्हणाले, "म्हणजे आता 'हो'."