मगदूम सरांचं रक्त आणि आजीव सभासदत्व

विषय : डॉ. भूपाल मगदूम, वय चौऱ्याहत्तर, यांचा घाटावरील जलतरण मंडळाच्या आजीव सभासदत्वासाठीचा अर्ज.

संदर्भ : १) सत्तरीपुढील अर्जदारास वैद्यकीय दाखला आवश्यक, हा मंडळाचा नियम. २) अर्जदाराच्या फुप्फुसाचा कर्करोग.

वरील विषयास अनुसरून घडलेली हकीकत पुढीलप्रमाणे.

"म्हणजे मी अजून किती पोहणार?" मगदूम सरांनी विचारलं.

सर घाटाच्या पायरीवर बसले होते, डावा गाल तळहातावर टेकून. आयुष्यभर त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलं. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढला. आता रोज एक गोळी, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या परवानगीने कडेकडेने पोहणं.

शेजारी डॉ. शंतनू आरवाडे. सरांचे विद्यार्थी, कर्करोगतज्ज्ञ, आणि मंडळाचे मानद वैद्यकीय सल्लागार. त्यांना पोहता येत नाही. मंडळाच्या घटनेत तशी अट नाही.

"रक्तावरून कळतं, सर."

"काय कळतं?"

"पुढचं."

"आमच्या वेळी पुढचं सांगणाऱ्यांकडे पोपट असायचा."

आरवाड्यांनी हे ऐकून घेतलं. गुरूचं ऐकून घ्यावं लागतं. मग मांडीवरचा कागद सरळ केला.

"न्यूट्रोफिल वाढलेत. लिम्फोसाइट घटलेत. सीआरपी चढलंय, अल्ब्युमिन उतरलंय. ही चार एकत्र घेतली की एक गुण निघतो. त्यावर माझा निबंध आहे, सर. परदेशात वाचला."

"टाळ्या पडल्या?"

"पडल्या."

"छान. आणि माझा गुण?"

"जास्त आहे. यात जास्त म्हणजे वाईट."

"शाळेत उलटं होतं."

"सर, थट्टा नको. तुमच्यासारखे शंभर रुग्ण घेतले, तर त्यातले…"

"मी एकटाच आलोय रे."

आरवाड्यांनी दाखल्याचा कागद काढला. त्यात रकाना क्रमांक नऊ : 'अर्जदार किती काळ पोहण्यास समर्थ राहतील?' हा रकाना कोणी घातला, ते कार्यकारिणीत कोणीच कबूल करत नाही.

"सहा महिन्यांच्या वर लिहायला माझा हात धजत नाही, सर. खरं तर आजपासूनच पाणी बंद करा. घरी आराम करा."

सर नदीकडे बघत राहिले. पलीकडच्या काठाला म्हशी उतरत होत्या…

"घरी बसून काय करू?" त्यांनी हळूच विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

आरवाड्यांनी पुन्हा कागदात बघितलं.

"रक्त कधी घेतलंस?" सरांनी विचारलं.

"सोमवारी."

"तो कागद ठेव खाली. माझ्याकडे बघ."

आरवाड्यांनी बसल्यापासून पहिल्यांदा सरांकडे बघितलं. सरांनी गालावरचा हात काढला. गालात लिंबू धरावं तशी सूज होती.

सरांनी 'आ' केला.

आरवाडे वाकले. मागची दाढ. हिरडी लाल, फुगलेली, पू धरलेली. वर एक लवंग, आपल्या परीने लढत असलेली.

"हे कधीपासून?"

"सोमवारच्या आधीपासून."

"सर! अहो, एवढा पू झाल्यावर न्यूट्रोफिल वाढणारच! सीआरपी चढणारच! मला सांगितलं का नाही?"

"तुला दिसेल असं वाटलं."

आरवाड्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"आणि दाढेवाल्याची भीती वाटते," सर म्हणाले.

"कर्करोगाची वाटत नाही?"

"त्याच्याकडे ते घरघरणारं यंत्र नाही."

दाढेवाल्याकडे जाऊन दाढ काढली. त्या वेळी सरांचा हात आरवाड्यांनी धरला होता. कोणी जास्त घट्ट धरला होता याबद्दल दोघांची मतं वेगळी आहेत.

सूज पुरती उतरल्यावर पुन्हा रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरवाडे घाटाच्या पायऱ्या पळत उतरले. एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, गुण उतरला! खूप उतरला! आता शंभरातले बहुतेक जण…"

"ते शंभर पुन्हा आले?"

"या वेळचे चांगले आहेत, सर."

"मग त्यांच्यासाठी पेढे ठेव थोडे."

पण सरांनी स्वतः दोन खाल्ले. उजव्या बाजूने.

"तुझा गुण खोटा नाही रे," ते तोंड पुसत म्हणाले. "पोरांना शिकव. मोठं काम आहे."

आरवाडे लाजले. मग त्यांनी दाखला काढला, पेन उघडलं.

"रकाना नऊ, सर. काय लिहू? पाच वर्षं? दहा? आज म्हणाल ते लिहितो."

सर उठले. मंडळाच्या खोलीतून त्यांनी नवशिक्यांच्या पाठीला बांधायचा पत्र्याचा डबा आणला. दोरी तपासली. डबा वाजवून बघितला.

"शर्ट काढ."

"मी? सर, मी सल्लागार आहे."

"म्हणूनच."

"सर, बाह्यरुग्ण विभाग आहे दहाला…"

"शर्ट."

थोड्या वेळाने मंडळाचे मानद वैद्यकीय सल्लागार गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते. पाठीवर डबा, दोन्ही हातांनी घाटाची कडी घट्ट धरलेली. काठावरच्या म्हाताऱ्या सभासदांनी कपडे वाळत घालणं थांबवलं होतं. एकाने पेढ्यांचा पुडा सुरक्षित जागी, म्हणजे स्वतःजवळ, ठेवला होता.

सर बाजूला पाण्यात तरंगत होते, आभाळाकडे तोंड करून. श्वास बेताचा, पण चेहरा सुट्टी लागलेल्या पोरासारखा.

"सर…" आरवाड्यांचे दात वाजत होते. "सर, मला किती दिवसांत येईल पोहायला?"

सरांनी त्यांची बोटं कडीवरून एकेक करून सोडवली.

"पाय हलव."

सदर अर्ज रकाना क्रमांक नऊ कोरा असल्याने प्रलंबित आहे. अर्जदार पाण्यात आहेत. दाखला देणारे अधिकारीही.