सूर्याच्या जवळचं शिखर

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि आधीच सांगते, गोड मुळीच नाही.

डोंगराळ मुलखात एक राजा होता. ऐन थंडीत त्याला मुलगी झाली, तीही दिवस भरण्याआधीच. मूठभर जीव, अंग गारठलेलं. राजवाड्यातल्या म्हाताऱ्या सुईणीनं तिला छातीशी धरलं. याच हातांनी तिनं राजालाही जन्मताना झेललं होतं.

"महाराज," ती म्हणाली, "अंगणातली काळी फरशी उन्हानं चांगली तापलीय. तिच्यावर घोंगडी टाकून बाळाला निजवू द्या. आम्ही आमची पोरं अशीच जगवतो."

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "राजकन्या दगडावर निजवायची? ऊब सूर्याची असते की दगडाची?"

"ऊन सूर्याचंच, महाराज. पण ते आधी जमीन पिते, मग जमीन आपल्याला ऊब देते. वरची हवा नुसत्या उन्हानं तापत नाही."

"मला शिकवू नकोस! आमची लेक सूर्याच्या जवळ जाईल. सगळ्यात उंच शिखरावर!"

दरबारी म्हणजे नुसते नंदीबैल! सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पालखी निघाली.

शिखरावर डोळे दिपवणारं ऊन होतं. पण खाली सगळा पांढरा बर्फ, आलेलं ऊन परत फेकणारा. वारा तर अंगाला झोंबत होता. सुईणीनं बाळाला पदरात गुंडाळलं, त्याचे तळवे चोळले, शेवटी राजाचे पाय धरले. "खाली चला हो, हात जोडते!" राजा सूर्याकडे बघून मंत्र म्हणत राहिला. भर दुपारी, लख्ख उन्हात, पोर तिच्या हातांत थंड पडली.

आता तरी राजानं चूक कबूल करावी की नाही? छे! "सूर्यदेवानं लेकीला मांडीवर घेतलं," असं दरबारी म्हणाले आणि राजानं तेच खरं धरलं. त्यानं शिखरावर देऊळ बांधलं आणि दवंडी पिटवली, राज्यातलं प्रत्येक तान्हं बाळ पहिल्या थंडीत इथं दर्शनाला आणावं.

सुईण डोंगराच्या पायथ्याशी उभी राहून आयांना विनवायची, "नेऊ नका गं बायांनो, गारठून मरतील."

आया तिच्यावरच डाफरायच्या. "राजाची लेक जिथं गेली, तिथं आमची पोरं जातायत, केवढं भाग्य! तुझ्याच हातांत ती गेली, आता आमचं चांगलं बघवत नाही तुला!"

दर हिवाळ्यात बाळं वर जात राहिली, आणि त्यांतली कित्येक जिवंत परत आलीच नाहीत.

बोध एवढाच: मोठ्या माणसानं आपली चूक देवाच्या नावावर खपवली, की तिची किंमत गोरगरिबांची लेकरं मोजतात.