देवाची मुडी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, सांगणाऱ्यालाही ठाऊक नाही. एका राजाच्या राज्यात वर कोरडं पठार होतं, मधे धुक्यात बुडालेला डोंगर आणि खाली खारा किनारा. वाट एका दिवसाची, पण हवा तीन तऱ्हांची.

किनाऱ्यावरचे लोक बियाण्याचं भात पेंढ्यात गच्च बांधत. त्या गोल गाठोड्याला ते मुडी म्हणत आणि चुलीवरच्या आढ्याला टांगत. एका वर्षी तिथल्या एका गावाला आग लागली आणि घरांबरोबर सगळ्या मुड्याही जळाल्या. राजाला घोर लागला. त्यानं पठारावरचा आपला हुशार कारभारी खाली पाठवला. कारभाऱ्याच्या गावी धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवत, आणि त्या पेवानं दोन दुष्काळांत गाव जगवलं होतं.

पहाटे तो घोंगडी पांघरून निघाला. दुपारी डोंगरातल्या धुक्यानं त्याच्या मिशा भिजल्या. तिथल्या एका शेतकऱ्यानं नाचणी माळ्यावर धुरात ठेवलेली पाहून त्याला हसू आलं. संध्याकाळी किनाऱ्यावर पोचला तेव्हा अंगरखा घामानं पाठीला चिकटला होता. अंगरखा बिचारा काही सांगू पाहत होता, पण हुशार माणसाला ऐकायला सवड कुठली?

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना हुकूम सुटला. सगळ्या मुड्या सोडायच्या आणि बी पेवात घालायचं. राजाच्या माणसापुढे कोण बोलणार? शेवटी तो उतरला होता त्या गावातली एक म्हातारी पुढे झाली. तिच्या हातची मुडी कधी सैल पडली नव्हती.

ती म्हणाली, "कारभारी, तुमच्याकडची माती तहानलेली. आमची पोटभर पिऊन बसलेली. तिच्या पोटात आमचं बी नका घालू."

कारभाऱ्यानं तिला समजावलं, की ज्या पेवानं त्याच्या गावाला तारलं ते तिच्या गावाला मारणार नाही. म्हातारीनं वाद घातला नाही. एवढंच मागितलं, की घरटी एक मुडी ग्रामदेवतेच्या नावानं टांगायची रीत आहे, तेवढी राहू द्या. देवाच्या आड कशाला या, म्हणून त्यानं मान डोलावली.

पेवं भरली, वरून शेणामातीनं लिंपली. कारभारी निर्धास्त झाला. पण दर पुनवेला खाडी भरून येई आणि तिचं पाणी मातीतून वर सरके. ते कुणाला दिसत नव्हतं.

पेरणी जवळ आली तशी पेवं उघडली. आधी कुबट वास आला. कारभाऱ्यानं आत हात घातला, तर काळा चिकट लगदा हाताला लागला. दुसरं पेव तसंच, तिसरंही तसंच. तो मटकन खाली बसला. आगीनं एक गाव जाळलं होतं, त्यानं अख्खा किनारा बुडवला होता.

"आजी," तो म्हणाला, "माझ्या शहाणपणानं तुमच्या पोरांच्या तोंडचा घास गेला."

"उठा," म्हातारी म्हणाली. "देवानं आपला वाटा अजून खाल्लेला नाही."

घराघरांतून धुरानं काळवंडलेल्या मुड्या खाली आल्या. म्हातारीनं पहिली सोडली. आतलं भात सोन्यासारखं पिवळं आणि कोरडं ठणठणीत होतं. काटकसरीनं पेरलं तर एवढ्या मुड्या सगळ्या शेतांना पुरणार होत्या. कारभाऱ्यानं मूठभर दाणे कपाळाला लावले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यातच त्याला मोकळं हसू आलं.

आगीचं भय राहिलंच होतं. या वेळी त्यानं हुकूम सोडला नाही, म्हातारीला विचारलं. तिनं सुचवलं, की प्रत्येक गावानं आपल्या थोड्या मुड्या शेजारच्या गावात टांगाव्यात, म्हणजे एक गाव जळलं तरी बी उरेल. तेव्हापासून त्या किनाऱ्यावर पेरणी कधी चुकली नाही.

परतताना कारभारी डोंगरात थांबला. नाचणी माळ्यावरच होती. तो उंबऱ्याशी बसला आणि शेतकऱ्याला म्हणाला, "दादा, ही धुरात का ठेवता, ते जरा मला शिकवा."

बोध इतकाच: परक्या गावी आपलं शहाणपण सांगण्याआधी तिथल्या मातीला आणि माणसांना विचारावं.