घडवंचीचा पाय

त्या राज्यात मडकी दोन रंगांची होती, तांबडी आणि काळी, आणि पाणी फक्त तांबड्यांत असे. माती सगळ्यांची एकाच खाणीतली. भट्टीत ज्यांना वारा लागला ती तांबडी निघाली, जी धुरात कोंडली गेली ती काळी. एवढाच काय तो फरक. पण भट्टी आठवणारं मडकं आता राज्यात एकही उरलं नव्हतं, आणि न आठवणाऱ्या गोष्टीचा अभिमान बाळगणं फार सोपं जातं.

राज्याच्या मधोमध घडवंची होती, म्हणजे मडकी मांडायची लाकडी चौकट. तिच्यावर जागा मिळाली की पोटात पाणी येई. तहानलेले येत, पाणी पिऊन धान्य ठेवून जात, आणि ओलाव्यानं अंगही वर्षानुवर्षं शाबूत राही. जागा नाही मिळाली तर चुलीतले निखारे आणि राख वाहायची. निखारे वाहणारं मडकं दोन हिवाळे काढी. तिसऱ्यात तडकून जाई.

घडवंचीचा कारभार एका तांब्याकडे होता. हा धातूचा, त्यामुळे तडा म्हणजे काय हे त्याला ऐकूनच ठाऊक. जागा मागणाऱ्या प्रत्येकाला तो वाजवून घेई. नियम सगळ्यांना एकच, न तडकेल तो वर. आता तांबड्यांना तो लाकडी पळीनं तीनदा वाजवी आणि काळ्यांना लोखंडी पळीनं सात वेळा, हे खरं. पण त्यालाही कारण होतं बरं का. काळ्या अंगावर चीर दिसत नाही, तेव्हा जरा जोरानं विचारावं लागतं, असं तो म्हणे. शिवाय तांबडी आधी तीन दिवस हौदात भिजून येत. काळ्यांना हौद बंद, पाण्याला काळेपणा लागतो म्हणून. मग ती कोरडी मडकी चौथ्या-पाचव्या ठोक्याला फुटत, आणि तांब्या हळहळून म्हणे, "यांची मातीच कच्ची." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

धुरपा ही एक काळी घागर. तिची आई निखाऱ्यांनी तडकली, ती हिच्या डोळ्यांदेखत. हिचाही एक हिवाळा राख वाहण्यात गेला होता आणि एकच उरला होता. तिला घडवंची मानासाठी नको होती, जगायला हवी होती.

घडवंचीखाली सदा चिखल असे. वरचे माठ पाझरत, जमीन भिजे, आणि एक पाय दर थोड्या दिवसांनी रुतून सगळी चौकट डुलू लागे. त्या चिखलावर राख टाकायचं काम काळ्यांचं. बाकीची राख टाकून निघून जात. धुरपा मात्र रेंगाळे आणि वरून गळणारे थेंब अंगावर घेई. सबंध उन्हाळा तिनं असा काढला. थेंबाथेंबानं ती आतपर्यंत मुरली.

मग एका सकाळी ती निघाली. तिच्याबरोबर राख वाहणारी, काठ उडालेली यसूमावशी आडवी आली.

"वाजवून घ्यायला जाऊ नकोस बाई. तिथून परत आलेलं मी एक पाहिलं नाही."

"आणि राखेतून परत आलेलं पाहिलंस का, मावशी?"

यसूमावशी बाजूला झाली.

तांब्यानं लोखंडी पळी उचलली. एक, दोन, तीन. पाचव्याला तो थांबला, कान लावला, आणि पुढचे दोन अंगातलं सगळं बळ एकवटून मारले. धुरपा खणखणीत वाजली. असा आवाज त्या घडवंचीवर कधी कुणाचा आला नव्हता.

"पळी हलकी झालीय," तांब्या म्हणाला, आणि त्यानं आणखी सात मारले. चीर नाही.

वरची मडकी चुळबुळू लागली. "ही वर आली तर आपल्यातलं कुणीतरी खाली जाणार," एक माठ म्हणाला, आणि सगळी तांब्याकडे बघू लागली.

तांब्या म्हणाला, "काळं मडकं आणि इतकं टणक? आत काहीतरी दडवलंय."

"काही नाही, मालक. बघा." धुरपा स्वतःहून पालथी झाली. चिमूटभर राख तेवढी सांडली.

"तळ दुहेरी असेल. वरवंटा आणा."

धुरपा उपडीच होती. तिनं तिथूनच विचारलं, "नियमात तर सातच ठोके होते ना?"

"तो नियम फुटणाऱ्यांसाठी," तांब्या म्हणाला.

वरवंटा दगडी होता आणि सांगितलेलं काम करणारा होता. त्याला एकदाच उठावं लागलं. आत काही निघालं नाही. तांब्यानं तुकड्यांकडे पाहिलं आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "कच्चीच होती."

तुकडे गोळा करायला यसूमावशीला बोलावलं. तिचं काम उरकेपर्यंत घडवंची पुन्हा कलली आणि वर माठावर माठ आपटू लागले. तांब्या खेकसला, "बघतेस काय? घाल पायाखाली."

मावशीनं पायाजवळची राख आणि चिखल उकरला. खाली खापरं होती. एकावर एक, घट्ट बसलेली, सगळी काळी, खोल गेलेली. एकाच्या काठावरची नक्षी तिच्या बहिणीची होती.

तिनं धुरपाचं मोठं खापर हातात घेतलं. काळा थर नखाएवढाच जाड. फुटलेली कड आतून तांबडी होती, वर बसलेल्या माठासारखी तांबडी. तिनं ते पायाखाली सरकवलं. घडवंची डुलायची थांबली.

"हं, आता कशी नीट बसली," वरचा माठ म्हणाला, आणि त्याच्या बुडाचा एक थेंब सुटून त्या तांबड्या कडेवर पडला.