सात पिढ्यांपूर्वीचं पक्वान्न

बेलगडच्या राजाला सात पिढ्यांपूर्वीचं पक्वान्न हवं होतं, आणि तेही पंधरा दिवसांत!

लेकीचं लग्न ठरलं होतं. बैठकीत व्याही सहज म्हणाले, आमच्या घरच्या लग्नात पिढीजात घीवर असतो, तुमच्याकडे काय असतं? राजाला काही केल्या आठवेना. घराणं नवं म्हणून व्याह्यांनी टोमणा मारला, असं त्याने मनाशी धरलं आणि घरी येताच हुकूम सोडला. घराण्याच्या मूळपुरुषाच्या लग्नात पानावर जे गोडधोड होतं, तेच माझ्या लेकीच्या लग्नात हवं. चव रतीभर चुकली तर मुख्य आचारी शिदोबाचं घरदार जप्त आणि गाढवावरून धिंड.

आता सात पिढ्यांपूर्वीची चव कुणाच्या जिभेवर असणार? पण हे विचारायला छाती लागते आणि दरबारात ती कुणालाच नव्हती. उलट सगळ्यांनाच अचानक पूर्वज आठवले. प्रधान म्हणाला, केशरी पेढाच होता. सेनापती म्हणाला, बदामाचा हलवा. शिदोबाने दहा दिवसांत अकरा पक्वान्नं रांधली. राजा एकेक घास घ्यायचा, पुरावा मागायचा आणि ताट सरकवायचा. बिचाऱ्या शिदोबाचं अन्नपाणी तुटलं. तेव्हा त्याची लेक धुरपी म्हणाली, "बाबा, उद्याचं ताट मी नेते."

दुसऱ्या दिवशी तिने भर दरबारात राजापुढे पळसाचं पान ठेवलं. पानावर होता एक काळपट, जाडजूड रोडगा! जाड्याभरड्या गव्हाचा, शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेला, सोबत गूळ आणि तूप. प्रधानाने शेला नाकाला लावला. असलं मेंढरं राखणारे खातात, म्हणाला.

"आणि महाराजांचे मूळपुरुष काय राखायचे, प्रधानजी?"

दर दसऱ्याला भाट गायचे, मूळपुरुष लोकांची मेंढरं हाकत या गडावर आले आणि राजे झाले. त्यावर सगळ्यांत जोरात मान डोलवणारा प्रधानच असायचा. लोकांच्या मेंढरांमागे फिरणाऱ्याला केशर कोण देणार होतं?

राजाचा चेहरा लाल झाला. "जीभ बरी चालते तुझी, पोरी. पुरावा काय?"

"पुरावा तुम्हीच पाठवता, महाराज," धुरपी म्हणाली. "वाड्यात लग्न निघालं की आधी डोंगरावरच्या खंडोबाला नैवेद्य जातो. मूळपुरुषाच्या लग्नात गेला तसाच, हा तुमचा शिरस्ता. तो रोडगा बाबा आमच्या परसात भाजतात, कारण वाड्याला गोवऱ्यांचा धूर सोसत नाही. माणसांची ताटं दर पिढीने बदलली, पण देवाच्या ताटाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. तुमच्या लग्नात हाच गेला, कालही हाच गेला. चव चुकली म्हणत असाल, तर सात पिढ्या देवाला चुकीचं जेवू घातलंत!"

राजाने रोडगा गूळ-तुपात कुस्करला आणि घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला तूप कोपरापर्यंत ओघळलं. चव चुकली म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

हे पाहून प्रधान लगबगीने पुढे झाला. मी हेच म्हणणार होतो, म्हणाला, आमच्या घरी लहानपणापासून रोडगाच, गोवरीपासून तुपापर्यंत सगळं मला तोंडपाठ!

"बरं झालं बाई," धुरपी म्हणाली. "लग्नाला दोन हजार पानं उठायची. चार गाड्या गोवऱ्या लागतील आणि शेण कालवायला हात कमी आहेत. जाणता माणूस घरचाच निघाला!"

राजा इतका हसला की पगडी मांडीवर आली. त्याने शिदोबाला पाच गावांचं वतन दिलं, धुरपीला हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि प्रधानाला शेणाची पाटी दिली.

प्रधानाची पहिली गोवरी वाकडी झाली. धुरपीने ती मोडली आणि पुन्हा थापायला लावली.

"नीट थापा, प्रधानजी," ती म्हणाली. "चव रतीभर चुकायला नको."